आजार म्हणजे देवाची शिक्षा? आधी योहानाचा नववा अध्याय वाचा

'देव प्रेमळ आहे, पण पाप्याला तो आजारानेच ताळ्यावर आणतो' अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या प्रार्थनेच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात आणखी काय आहे? तर आजार हे तुमच्या नाहीतर तुमच्या आईवडिलांच्या पापाचं फळ. प्रार्थना करूनही बरं वाटत नसेल तर तुमचा विश्वास कमी. गोळ्या-औषधं म्हणजे प्रभूवर अविश्वास. बायबलच्या जुन्या करारातला (येशूच्या आधीच्या भागातला) देव कोपिष्ट होता आणि तो कोप अजून शमलेला नाही. शेवटी अकरा जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद हुकेल.

हे सगळं नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या मावशीनं वाचलं. तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. तिनं मला विचारलं, "माझ्या हातून असं काय घडलं असेल रे?" वर, "या गुरुवारी नाही गेले तर चालेल का?" नाही चालणार. एक फेरी चुकली तर अंगात पाणी साठतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि थेट हृदयावर येतं. मेसेज लिहिणाऱ्याला याची कल्पना नसेल, किंवा असूनही पर्वा नसेल.

आता पहिला मुद्दा. पाप कोणाचं, हा प्रश्न शिष्यांनी येशूला विचारला होता, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात. समोर जन्मांध माणूस. पाप याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही पर्याय तिथल्या तिथे खोडून काढले: यानंही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. मग जमिनीवर थुंकून चिखल केला, त्याच्या डोळ्यांना लावला आणि शिलोहाच्या तळ्यात धुऊन यायला सांगितलं. त्याच अध्यायात पुढे परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी) त्या माणसाला 'तू सगळाच पापात जन्मलेला' असं ऐकवून हाकलून देतात. आणि येशू काय करतो? त्याला बाहेर घालवल्याचं कळताच त्याला शोधून काढतो. म्हणजे मेसेजमधलं वाक्य त्या अध्यायात आहे, फक्त ते हाकलणाऱ्यांच्या तोंडी आहे.

आपल्या नाशिकमधल्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशनची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहायची, शिकायची. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधक-प्रवाशाचा मृतदेह आफ्रिकेतून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. पोरवयात पकडून विकल्या गेलेल्या त्या मुलांचं पाप कोणतं, हे मेसेजवाल्यानं शरणपूर रोडवर उभं राहून सांगावं.

एक गोष्ट कबूल करतो, मनाविरुद्ध. योहानाच्याच पाचव्या अध्यायात 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू म्हणतो की पुन्हा पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. हे वचन आहे, नाकारता येत नाही. दारूनं लिव्हर जातं हेही खरं. पण तिथे येशूनं आधी बरं केलं, बोलला नंतर, मंदिरात भेटल्यावर. खाटेवर पडलेल्याला आधी पापांची यादी वाचून दाखवली नाही.

विश्वास कमी म्हणून आजार जात नाही? पुन्हा तोच जन्मांध पाहा. त्यानं काही मागितलंच नव्हतं. बरा झाल्यावर लोक विचारतात, तुला बरं करणारा कुठे आहे, तर म्हणतो, मला ठाऊक नाही. विश्वास ठेवल्याचं तो अध्यायाच्या शेवटी सांगतो, दृष्टी आल्यावर. उलट पौलासारख्या प्रेषिताच्या 'देहातला काटा', म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, तीनदा विनवूनही गेला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का?

औषधाचं तर विचारूच नका. यशया संदेष्ट्यानं हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं. पौल आपल्या सहकारी तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (हे वचन नाशिककरांना बरोबर पाठ असतं).

जुन्या करारातला राग खोटा नाही, पण तेवढंच वाचणाऱ्यानं योनाचं पुस्तक उघडावं. निनवे शहरावर देवानं दया केली म्हणून संदेष्टा योना रुसून बसलाय आणि देव त्याची समजूत काढतोय: एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, शिवाय कितीतरी गुरंढोरं, मला त्यांची कीव येऊ नये? ज्याला गुरांचीही काळजी, तो माझ्या मावशीच्या किडन्या हिशेब चुकता करायला बिघडवेल?

अकरा जणांच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला लाखो लोक येतात, कितीतरी जण ख्रिस्तीही नसतात. तिथल्या रांगेत कोणी कोणाला पाप विचारत नाही, की मेसेज किती जणांना पाठवला तेही.

मावशी गुरुवारी डायलिसिसला गेली. ग्रुपवरच्या कोणाला तिच्यासाठी खरंच काही करायचं असेल, तर प्रार्थना जरूर करा. आणि सकाळी सातला तिला न्यायला रिक्षा मिळत नाही, त्याचंही बघा.