बेकेट असा सहज हरवणारा नाही
लेखात म्हटलंय की बेकेट, 'व्हॅम्पायर: द मास्करेड' या टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमच्या जगातला व्हॅम्पायर, वाळवंटात गायब झाला, विषय संपला. मला अजिबात पटलं नाही. २००४ च्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' व्हिडिओ गेममध्ये तो लॉस एंजेलिसला येतो ते सत्तेसाठी नाही, अंकारन सार्कोफॅगस या प्राचीन शवपेटीचा अभ्यास करायला, आणि बाकी सगळे त्या पेटीसाठी भांडत असताना हा सांगतो की उघडू नका. गँग्रेल या व्हॅम्पायर कुळातला असल्यामुळे लाल डोळे, जनावरासारखे पंजे, म्हणून गॉगल आणि हातमोजे, पण डोकं पक्कं संशोधकाचं, केनच्या, म्हणजे पहिल्या व्हॅम्पायरच्या, कथासुद्धा जशाच्या तशा खऱ्या मानत नाही. टेबलटॉप गेमच्या पाचव्या एडिशनमध्ये (२०१८) जुने व्हॅम्पायर मिडल ईस्टकडे ओढले जातात हे खरंय, पण बेकेट तिकडे गेलाच असेल तर पुरावा शोधायलाच गेला असणार, निदान त्याच्या नोंदी तरी कुणाच्या हाती लागू देत ना!