पुरानंतर आईने आधी काय उघडलं

नाताळची खरेदी, नवी गाडी, दागिने यांपेक्षा ख्रिस्तावरचा विश्वास जपा, असं सांगणारा एक लेख वाचला; त्यातलं म्हणणं मनापासून पटलं. आम्ही कोल्हापूरचे, घर सुतारवाड्याजवळ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आठवड्याने परतलो तर सागवानी कपाटाची दारं फुगून उघडेनात, टीव्हीत गाळ, शालूंना कुबट वास. वर्षानुवर्षं हप्ते भरून जमवलेला संसार एका ट्रॉलीत मावला आणि कचऱ्यात गेला.

आईने मात्र आधी माळ्यावरचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उतरवून उघडलं. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिला कसर आणि जंग खातात, चोर घर फोडतात. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "पूर लिहिला नाही हितं, पण त्योबी त्यातच आला बघ."

फक्त एक गोष्ट खटकली. लेखात पैसाच वाईट असा सूर आहे. बायबलमध्येच प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात लिहिलं ते पैशाच्या लोभाबद्दल, कष्टाच्या कमाईबद्दल नव्हे.

त्याच महिन्यात आईने गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन पाटल्या मोडल्या. शेजारच्या काकूंचं किराणा दुकान पार बुडालं होतं, त्यांना माल भरायला ते पैसे दिले. कागद केला नाही, परत कधी देणार तेही विचारलं नाही. तिच्या मनगटावरचा पाटल्यांचा वळ पुढे कितीतरी दिवस दिसत होता.