अवैध म्हणजे गुन्हा नव्हे

परवा कोर्टाजवळच्या माझ्या टेबलाशी एक मावशी येऊन बसल्या. मी कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे लोक पिशव्या घेऊनच येतात. त्यांनी प्लॅस्टिकच्या कव्हरातून वहीचं एक रेघी पान काढलं. चार घड्या पडलेल्या, घडीवरची निळी शाई फिकट झालेली. नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र होतं ते. धायरीचं दोन खोल्यांचं घर बायकोला, एवढाच मजकूर. खाली त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, एक शेजारी आणि एक कारखान्यातला जोडीदार.

"भाऊजी म्हणाले, याला स्टँप नाही, नोंदणी नाही, कागद अवैध आहे." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ताई, अवैध कागद घरात ठेवला म्हणून पोलीस केस होते का हो?"

चार वर्षं या बाईंनी तो कागद कुणाला दाखवला नव्हता. एका शब्दाच्या धाकाने.

त्यांचं काय चुकलं? पेपर उघडला की अवैध दारू, अवैध वाळू उपसा, अवैध धंद्यांवर छापा. रोज हेच वाचणाऱ्या माणसाला अवैध म्हणजे गुन्हा असंच वाटणार. पण मतमोजणीत ज्याचं मत अवैध ठरतं त्याने काही गुन्हा केलेला नसतो, त्याचं मत फक्त धरलं जात नाही. ज्यांच्या घरात 'व्हॅलिडिटी'साठी धावपळ झाली आहे त्यांनी जातवैधता प्रमाणपत्र हातात घेतलं आहे. तिथे वैधता म्हणजे पडताळणी होऊन दाखला खरा ठरणं. पासवर 'वैधता ३१ मार्चपर्यंत' छापलेलं असतं, म्हणजे तोवर तो चालतो. दारूच्या बातमीतला अवैध आणि मतपत्रिकेवरचा अवैध हे दोन वेगळे अर्थ आहेत. पहिल्यासाठी आपल्याकडे 'बेकायदा' हा चांगला रुळलेला शब्द आहे. तोच वापरा ना! सरकारी परिभाषेत दुसऱ्या अर्थाच्या 'वैध'साठी 'विधिग्राह्य' आहे. शब्द नेमका आहे, पण फायलीबाहेर तो कुणाच्या तोंडी बसला नाही.

वैध हा शब्द 'विधी'वरून आला. लग्नाचाही विधी आणि कायदा शिकवतं तेही विधी महाविद्यालय. पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्याला ज्याच्यावरून नाव पडलं ते आपलं कॉलेज १९२४ सालचं. शाळेत विध्यर्थ शिकलो तो आठवा: करावा, जावा, लिहावा. एखादी गोष्ट कशी करावी ते सांगतो तो विधी, आणि तशी ती केली की वैध. म्हणून नुसतं "वैध आहे का?" विचारून भागत नाही. या कागदासाठी कायद्याने कोणता विधी सांगितलाय, ते बघावं लागतं.

मृत्युपत्रासाठी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३ आहे. करणाऱ्याची सही आणि ती पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर केलेल्या सह्या. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. वहीचं पान चालतं.

आता उलट बाजू. माझ्या भाचीने कर्वेनगरला फ्लॅट भाड्याने घेतला, अकरा महिन्यांचा करार, पाचशेच्या स्टँपवर, नोटरीचा लाल गोल शिक्का. मालक म्हणाले, "एकदम लीगल आहे." पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि न नोंदवल्यास त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी धरल्या जातात. शिक्क्याचा कागद उणा पडतो आणि रेघी पान उभं राहतं, हे मी या टेबलावर कितीदा तरी पाहिलं आहे.

आणि जिथे गुन्हा खरंच आहे तिथलं बघा. बालविवाह बेकायदा आहे, २००६ च्या कायद्याने त्याला शिक्षा आहे. तरी ते लग्न सरसकट आपोआप रद्दबातल होत नाही. लहानपणी लग्न लागलेल्या मुलीला ते रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तिला कोर्टात जावं लागतं. तोवर लग्न बेकायदा, पण अस्तित्वात. 'अवैधच आहे ते' असं कुणी त्या मुलीला सांगितलं आणि ती निर्धास्त घरी बसली, तर मुदत निघून जाते. हे मला फार लागतं.

मावशींचा कागद मी शेजारच्या वकीलबाईंना दाखवला. त्यांनी सह्या नीट पाहिल्या, म्हणाल्या, "कोर्टात सिद्ध करायला निदान एक साक्षीदार उभा करावा लागेल. आहेत का कुणी?"

"शेजारी गेले. जोडीदार आहेत की, भोरला."

मावशींनी तिथेच बटणांचा फोन काढला आणि नंबर लावला. तीन वेळा लागला नाही. चौथ्यांदा लागला.