ओमर शरीफला यादीत घ्यायचं की नाही?

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसवलं. माझं आयुष्य बँकेत गेलं, रकाने भरल्याशिवाय हाताला चैन नाही. दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या: नाव, सिनेमा, साल, काम, आणि शेवटी जगला की मेला. आणि जुन्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या घोडे-पिस्तुलवाल्या सिनेमांतल्या नटांची यादी करायला बसले.

जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्युअर्ट वगैरे मंडळी पहिल्या पानावर उरकली. त्यांच्यासाठी वही कशाला लागते? माझं स्पष्ट मत आहे की यादी करायची तर ज्यांचा चेहरा दिसला की आपण "अरे, हा तो!" म्हणतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, त्यांची करावी. तो प्रदेश त्यांनी उभा केलाय. हिरो येतो आणि घोड्यावर बसून निघून जातो.

उदाहरणार्थ जॅक एलम. लहानपणी पेन्सिल लागून डावा डोळा गेलेला, त्यामुळे ती तिरकी नजर. नट होण्याआधी हा गृहस्थ हॉलिवूडमध्ये हिशेब तपासायचा. म्हणजे आमच्यातलाच! हे कळलं त्या दिवशी त्याच्या नावापुढे मी लाल शाईने खूण केली. 'हाय नून'मध्ये (१९५२) तो कोठडीतला दारुडा आहे. येतो कधी, जातो कधी कळत नाही, श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही.

सोळा वर्षांनी दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या सुरुवातीला त्याला स्टेशनवर गाडीची वाट बघत बसवलं. पवनचक्की करकरतेय. एलमच्या तोंडावर माशी बसते. तो हात उचलत नाही, ओठ वाकडा करून फुंकर मारतो. माशी उडते, परत येते. शेवटी तो तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो आणि आतली गुणगुण ऐकत बसतो, चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान. तिकडे वुडी स्ट्रोड उभा. वरून त्याच्या टोपीवर टप टप पाणी पडतंय, हा जागचा हलत नाही. पाणी साचलं की टोपी काढून पिऊन टाकतो. गाडी येते, जाते, आणि थोड्याच वेळात दोघंही मेलेले असतात. शेवटच्या रकान्यात 'मेला' लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं.

हा स्ट्रोड मुळात अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. तिथल्या राष्ट्रीय लीगने बारा-तेरा वर्षं एकही काळा खेळाडू घेतला नव्हता. १९४६ साली केनी वॉशिंग्टन आणि हा लॉस एंजेलिस रॅम्सकडून उतरले तेव्हा ते थांबलं.

नट ली व्हॅन क्लीफचंही एलमसारखंच. 'हाय नून' हा त्याचा पहिला सिनेमा, त्यात खलनायकाच्या टोळीत तो आहे पण तोंडी एक वाक्य नाही. मग वर्षानुवर्षं गोळी खाऊन पडायचीच कामं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटच्या झुंजीत त्याचा हात जवळून दाखवलाय, तेव्हा मधल्या बोटाकडे बघा. टोक नाहीये.

आता भांडण. मी नियम केला की निदान तीन वेस्टर्न केलेले असतील तरच वहीत प्रवेश. 'हाय नून'ची नायिका ग्रेस केली यादीतून गेली, कुणाला काही वाटलं नाही. इजिप्तचा नट ओमर शरीफ यादीतून गेला आणि दादाचा फोन आला. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? मॅकेनाज गोल्ड नाही धरणार तू?"

त्याचं चूक नाही. अमेरिकेत फारसा न चाललेला हा १९६९चा सिनेमा आपल्याकडे तुफान चालला. आमच्यासारख्या कितीतरी घरांत वेस्टर्न म्हणजे तोच. मी तो दादाबरोबरच मॅटिनीला पाहिला, सुळक्याची सावली सरकत जाते तेव्हा अख्खं थिएटर गप्प होतं. आज बघितला तर शेवटी कोसळणारी दरी खेळण्यातली वाटते, पण नटांची भरताड बघा: एली वॉलक, ली जे. कॉब, रेमंड मॅसी, बर्जेस मेरेडिथ, आंधळा म्हातारा झालेला एडवर्ड जी. रॉबिन्सन. एवढी माणसं गोळा केली आणि पटकन मारून टाकली.

तरी शरीफ नाही. एक म्हणजे एक.

मात्र त्याच सिनेमाने माझी वही बिघडवली. सुरुवातीला मरणारा तो अपाची (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात) म्हातारा, नकाशावाला? एदुआर्दो चान्नेली, इटालियन. मग मी मागे जाऊन तपासायला लागले. 'द सर्चर्स'मधला (१९५६) कोमांची (अशीच दुसरी जमात) सरदार झालेला हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिनचा. 'ब्रोकन ॲरो'त (१९५०) अपाची नेता कोचीस झालेला जेफ चँडलर ब्रुकलिनचा, आणि त्याला ऑस्करचं नामांकन. त्याच सिनेमात जेरोनिमो झालेला जे सिल्व्हरहील्स मात्र खराखुरा मूळ रहिवासी, कॅनडातल्या मोहॉक जमातीचा. त्याला लोक ओळखतात ते टोंटो म्हणून, म्हणजे 'द लोन रेंजर' मालिकेतल्या नायकाचा सोबती. 'द सर्चर्स'मध्ये कोमांची म्हणून घोडे पळवत येणारे लोक नवाहो जमातीचे आहेत, सिनेमा त्यांच्याच भागात, मॉन्युमेंट व्हॅलीत चित्रित झालाय. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं पडद्यावर येतच नाहीत.

वहीत मधे ओळ कोरी सोडायची नाही, हे मी कितीतरी ज्युनिअर मुलांना दटावून सांगितलंय. पान ४१ वर 'सर्चर्स' लिहून खाली पंधरा ओळी कोऱ्या सोडल्यात. त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर दादाचा लगेच मेसेज, "एवढ्या जागा आहेत तर त्यातली एक शरीफला दे की."

नाही दिली.