थर्माकोलची कयाक: फॉरवर्ड करण्याआधी

कृष्णेचं पाणी चढलं, सांगलीत होड्यांच्या शर्यतींची चर्चा सुरू झाली, की हा मेसेज हमखास येतो: ‘घरीच कयाक (वल्ह्याची लांबट, अरुंद होडी) बनवा. लाकूड नको. थर्माकोलची शीट कापा, वरून फायबर मारा. वजन निम्मं, खर्च निम्मा, कुजत नाही, बुडत तर नाहीच.’ यंदा तिघांनी पाठवला. त्यातल्या एकानं थर्माकोल आणूनही ठेवलाय, म्हणून हे लिहितोय.

घात ‘फायबर मारा’ इथंच आहे. फायबर मारणं म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड रेझिननं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवानं, चिकटवणं. या कामाला सर्रास वापरतात ते पॉलिस्टर रेझिन. त्यातलं स्टायरीन हे रसायन थर्माकोल खातं. मी वाटीत थोडं रेझिन घेऊन वर थर्माकोलचा तुकडा ठेवला. चहात विसरलेल्या खारीसारखा तो बघता बघता बसला, उरला चिकट लगदा. इपॉक्सी हे दुसरं रेझिन थर्माकोल खात नाही; पण त्याचा भाव विचारा, मग निम्म्या खर्चाचं बोलू.

आता वजन. सतरा फुटी कयाकचं अंग साधारण साडेचार चौरस मीटर. सहा मिलिमीटर जाडीच्या सीडर या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, घनमीटरला ३५० किलोनं, साडेनऊ किलो होतात. तेवढाच एक्सपीएस फोम (थर्माकोलचाच दाणे नसलेला, घट्ट प्रकार) किलोभरही भरत नाही. साडेआठ किलो वाचले? थांबा. लाकूड म्हणजे नुसता भराव नव्हे. त्याचे उभे तंतू स्वतः ताण घेतात, म्हणून आतबाहेर २०० ग्रॅमच्या कापडाचा एकेक थर पुरतो. फोम फक्त दोन कातड्यांमधलं, म्हणजे आतल्या-बाहेरच्या फायबरच्या थरांमधलं, अंतर राखतो, ताण सगळा कातड्यांवर. मग थर दुप्पट करावे लागतात: कापड आणि रेझिन मिळून साडेतीन किलो परत आलेच, शिवाय फोमची भोकं रेझिन पितात ती वेगळी. वीस किलोच्या कयाकमागं चार-साडेचार किलोच वाचतात. थर वाचवले तर घाटाच्या पायरीवर एकदा आपटल्यावर आतला फोम चेपतो.

कुजत नाही, हे खरं. पण थर्माकोलच्या दाण्यांमधून पाणी झिरपतं. आणि एक्सपीएस ७५ अंशांच्या आसपास मऊ पडतो. गडद रंगाची कयाक एप्रिलच्या उन्हात टाकून बघा, कातडं फुगून सुटेल.

‘बुडत नाही’ वाचून मात्र डोकं फिरतं. या कयाकमध्ये फोम किती? सत्तावीस लिटर. उलटली की आत शंभरावर लिटर पाणी शिरतं, मग तेवढा फोम तुम्हाला पेलत नाही. गुळाच्या काहिलीतून नदी ओलांडणाऱ्या आपल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं, तरंगतं ते भांडं, पत्रा नव्हे. लाइफ जॅकेट अंगात हवंच.

लाकडाचा माझा हट्ट नाही. वखारीतलं सागवान तर सीडरच्या जवळपास दुप्पट जड. घनमीटरला ८० किलोचा पीव्हीसी फोम घ्या, इपॉक्सी वापरा, बैठकीखाली कापड वाढवा, बसायच्या तोंडाची कड लाकडाचीच ठेवा.

आणि आणून ठेवलेला थर्माकोल फुकट जाणार नाही. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून कयाकच्या दोन्ही टोकांत घट्ट कोंबा, वरून पट्ट्यानं आवळा.