नाना, फेल गेलेला बोअरही काही सांगतो

नाना, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. सुपरसिमेट्रीतल्या (प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असतो, या अजून सिद्ध न झालेल्या कल्पनेतल्या) सीपी भंगाच्या शोधावरच्या माझ्या लेखाखाली (सीपी म्हणजे काय ते पुढे सांगतो) तुम्ही लिहिलंत : "चाळीस वर्षं खोदी राहिनात, मंग सापडनं काय? आपल्याकडे बोअर फेल गेला तरी मशीनवाला फुटाप्रमाणे पैसे घेऊन जातो. तसंच हे." वर, कापसाला भाव नसताना जळगावात बसून या गप्पा कशाला, असंही.

कापसाचं बोलणं आमच्याही घरात रोज होतं, पारोळ्याकडे कोरडवाहू आहे आमची. इथे त्यावर लिहीत नाही, कारण तुम्हाला ठाऊक नाही असं माझ्याकडे काही नाही.

बोअरचं मात्र सोडवत नाही. तीन उन्हाळ्यांपूर्वी आमचाही फेल गेला. आबा मशीनजवळून हलले नाहीत. दर रॉडमागे वर येणारी मूठभर भुकटी ते गोणपाटावर ओळीनं मांडत होते : मुरूम, काळा पत्थर, मध्येच तांबडी माती, परत काळा पत्थर. ४२० फुटांवर नुसती धूळ, तेव्हा थांबवलं. पैसे गेले ते गेलेच. पण शेजाऱ्यानं ते गोणपाट पाहिलं आणि आपला बोअर बांधापासून लांब नेला.

आता इलेक्ट्रॉनकडे येतो, पण आधी सीपी. कणाच्या जागी प्रतिकण (त्याचा उलट भाराचा जुळा) ठेवला आणि सगळं आरशात पाहिलं, तरी निसर्गाचे नियम तेच राहतात का, हा सीपीचा प्रश्न. बदलले तर तो सीपी भंग. १९६४ साली क्रोनिन आणि फिच यांच्या गटानं अमेरिकेत ब्रुकहेवनला केऑन नावाच्या अल्पायुषी कणांचे २२,७०० क्षय, म्हणजे तुटणं, तपासले. त्यातले सुमारे ४५ क्षय सीपीचा नियम मोडणारे निघाले. गंमत म्हणजे त्याआधी रशियात दुब्नाला एका गटानं हेच शोधलं होतं. सहाशेच्या आसपास क्षय पाहिले, एकही सापडला नाही, आणि वरून काम बंद करायला सांगितलं. पाणी होतं, नाना. रॉड कमी पडले.

इलेक्ट्रॉनला फिरकी असते. त्याचा विद्युतभार फिरकीच्या अक्षावर किंचितसा एका बाजूला सरकलेला असेल, तर काळ उलटा फिरवल्यावर फिरकी उलटते, पण सरकलेला भार तिथेच राहतो. म्हणजे सुलट आणि उलट चित्र वेगळं. आणि काळाची सममिती मोडली की सीपीही मोडली, असं आपला आजवरचा सिद्धांत सांगतो. या सरकण्याला विद्युत द्विध्रुव आघूर्ण म्हणतात. प्रस्थापित सिद्धांतानुसार तो इतका बारीक असतो की आजच्या उपकरणांना दिसणारच नाही. सुपरसिमेट्रीच्या नेहमीच्या आवृत्तीत मात्र सीपी मोडणारे चाळीसहून जास्त नवे फेज, म्हणजे सिद्धांतातले कोनासारखे आकडे, येतात. ते मध्यम आकाराचे असते आणि नवे कण फार जड नसते, तर हा आघूर्ण केव्हाच दिसायला हवा होता. ही अडचण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लक्षात आली होती. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचं एलएचसी, म्हणजे कण आदळवणारं अवाढव्य यंत्र, तेव्हा कागदावरही नीट नव्हतं.

दिसला नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या बोल्डरच्या गटानं हाफ्नियम फ्लोराइडचे आयन तीन सेकंदांपर्यंत धरून ठेवून मोजलं. त्या रेणूच्या आत इलेक्ट्रॉनला सेंटिमीटरला सुमारे २३ अब्ज व्होल्ट एवढं क्षेत्र जाणवतं. बाहेरून असं क्षेत्र लावणं कोणाच्या बापाला जमणार नाही. निकाल शून्याशी जुळला. आघूर्ण असलाच तर याहून लहान, ही मर्यादा, इलेक्ट्रॉनचा भार गुणिले सेंटिमीटर या एककात : दशांश चिन्हापुढे २९ शून्यं, मग ४१. आणि यासाठी एलएचसीसारखा २७ किलोमीटरचा बोगदा लागला नाही, एका प्रयोगशाळेत झालं. तेव्हा खर्चाचा राग सगळ्यांवर सारखा काढू नका.

तुम्ही म्हणाल, पळवाटा आहेत. आहेतच. कण आणखी जड माना, फेज हातानं शून्य करा, किंवा दोन परिणाम एकमेकांना खोडतात म्हणा. पण ही खोडाखोड इलेक्ट्रॉनमध्ये जमवली तर न्यूट्रॉनमध्ये बिघडते, तिथे जमवली तर पाऱ्याच्या अणूत. तिन्ही ठिकाणी बेरीज वेगळी आणि तिन्हीकडे मोजमाप कडक. ज्यांनी १९९०मध्ये सुपरसिमेट्री 'आता सापडेलच' म्हणून सांगितली, त्यांच्यावर तुमचा राग असेल तर मी तुमच्या बाजूला उभा आहे. 'शोधूच नका' म्हणाल तर नाही.

एका जागी तुम्ही मला बरोबर पकडलंत. "विश्वात प्रतिद्रव्य का उरलं नाही, याचं उत्तर सुपरसिमेट्री देते," असं मी ठोकून दिलं होतं. माहीत असलेला सीपी भंग त्यासाठी फार कमी पडतो, हे खरं. उरलेला भंग सुपरसिमेट्रीतून येतो, हे कुणी दाखवलेलं नाही. ते वाक्य काल रात्री काढलं. आता तिथे लिहिलंय : "देऊ शकली असती, इलेक्ट्रॉननं अजून तरी तशी साक्ष दिलेली नाही."