चौथा कोपरा आणि मशीनचा काटा

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं, की फोटो फ्रेमच्या मायटर जोडावर (पट्ट्यांची टोकं ४५ अंशांत तिरकी कापून कोपरा जुळवतात, तो जोड) मी लेखात उगाच पाल्हाळ लावलं. मायटर सॉचा, म्हणजे तिरके काप घेणाऱ्या मशीनचा, काटा ४५ वर ठेवला की काम झालं; चाकूने रेघ मारणं आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) उलटापालटा करून तपासणं हे रिकामटेकड्यांचे उद्योग. वर माझ्याच फोटोत खालचा कोपरा उघडलाय, हेही दाखवलंत.

कोपरा उघडलाय, खरं आहे. पट्ट्या कापल्या ऐन पावसाळ्यात, फोटो काढला मार्चमध्ये. लाकूड सुकलं की रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. मग बाहेरची टोकं चिकटून राहतात आणि फट आतल्या अंगाला पडते. वरचे दोन कोपरे सावलीत आहेत म्हणून सुटले, नाहीतर तेही तसेच उघडलेत. हे लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं.

पण काट्यावर माझा भरवसा नाही. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा अंश चुकला, तर तीन कोपरे दाबून जुळवल्यावर चौथ्यात ४ अंश साठतात. ५० मिमी रुंद पट्टीवर ती फट जवळपास ५ मिमीची होते. माझ्या पहिल्या फ्रेमला अशीच पडली होती. भुसा नि सरस कालवून बुजवली, तर पॉलिश झाल्यावर काळी रेघ आणखीच उठून दिसायला लागली.

गुण्या उलटवायला अर्धं मिनिट लागतं हो! सरळ कडेला लावून रेघ मारायची, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा; फाकल्या तर दिसतंय ते चुकीच्या दुप्पट. ४५ अंश आखायचं मापही तसंच: दोन्हीकडून रेघा मारा, मधला कोन तपासलेल्या गुण्याला काटकोनात बसला पाहिजे.

चाकूबद्दल मात्र अर्धी माघार. मशीनवर कापताना रेघेपेक्षा ठोकळा अडवून समोरासमोरच्या पट्ट्या एकाच लांबीच्या कापणं बरं. हातकरवतीने कापून रंध्याने साफ करणाऱ्याला मात्र चाकूचीच रेघ हवी. पेन्सिलच्या रेघेला स्वतःचीच जाडी असते. तिच्या अलीकडे कापायचं की पलीकडे, हे दर वेळी कोण लक्षात ठेवणार?

शिवाय पातं टेबलाला उभं काटकोनात आहे की कललंय, हे तो ४५ चा काटा सांगतच नाही. कललेलं असेल तर जोड समोरून बंद आणि मागून उघडा, किंवा उलट.

एक करा. रद्दी पट्टीचे दोन तुकडे तुमच्या काट्यावर कापा, जोडून गुण्यात धरा आणि खिडकीकडे करून बघा. उजेडाची चीर कुठून आत येते, टोकाकडून की आतल्या कोपऱ्यातून, ते इथेच कळवा.